कुणाचीच बहीण नसलेली बाई

मोतुलेई,
३ फेब्रुवारी १९९७

प्रिय आत्या लुपे,

देवाच्या कृपेने आम्ही सगळे धडधाकट आहोत आणि यंदा यामचे कंद चांगले पोसले, त्याबद्दल त्याचे आभार. पत्राची सुरुवात अशीच करायची, असं बाबांनी राजधानीच्या बोटीत चढताना बजावलं होतं. त्यांचं वाक्य लिहून झालं. आता माझं पत्र.

बाबांच्या पायाचं ऑपरेशन नीट झालं. पण डॉक्टर त्यांना एवढ्यात बेटावर सोडायला तयार नाहीत. बाबांनी खाटेवरूनच फर्मान काढलं की तोवर मोतुलेई रेडिओ लोसालिने सांभाळेल. तुम्ही ऑकलंडच्या चर्चमध्ये पदर पसरून यंत्र मिळवलंत, बाबांनी स्वतः माडावर चढून एरियल बांधली, आणि चालवायचं कुणी? तर मी! शाळेत घंटा वाजवायची पाळी आली की ती तासभर विसरणारी. हसू नका.

तुम्ही म्हणाल, फोन का केला नाहीस. एक्स्चेंजवर अजून कालिसीच बसते. मागे मी तुम्हाला फोनवर सर्दी झाल्याचं सांगितलं, तर घरी पोचेपर्यंत तीन काकूंनी काढा पाठवला होता. पुढचं तिच्या कानावर जायला नको.

रेडिओचा परवाना जुलैअखेर संपतो. नवा हवा तर फी भरावी लागेल आणि लोक आपला रेडिओ खरंच ऐकतात हे पटवून द्यावं लागेल. नाहीतर आपल्या जागेवर राजधानीचं मोठं केंद्र येणार. मग आपली बोट कधी सुटणार, कुणाचं डुक्कर सुटलंय, कुणाच्या घरी मयत झालंय, हे मोतुलेईला कोण सांगणार? परवाना कचेरीचा एक गोरा सल्लागार एप्रिलमध्ये येऊन लोकांना विचारून जाणार आहे.

फीची सगळी भिस्त केनिसीच्या दुकानावर. आणि केनिसी पैसे देतो ते फक्त ‘सांजगाणी’साठी. तुम्हाला ठाऊकच आहे, संध्याकाळी करवंट्यांतून कावाच्या मुळ्यांचं पेय पीत पुरुषांच्या बैठका बसल्या की सगळं बेट तेच ऐकतं. कुणी कुणासाठी कोणतं गाणं पाठवलं, चिठ्ठीत काय लिहिलं, त्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चर्चा. सांजगाणी चालली तर केनिसी चालतो, केनिसी चालला तर रेडिओ चालतो.

तालियाई, जो इतकी वर्षं सांजगाणी सादर करायचा, तो ऑस्ट्रेलियाला फळं तोडायला गेला. काळजी नसावी. त्याच्या जागेची सोय झाली आहे.

तुमची,
लोसालिने

•

ऑकलंड,
२७ फेब्रुवारी १९९७

लोसालिने,

पत्र मिळालं. अक्षर बापावर गेलंय तुझं. वाळूवर खेकडा चालून गेल्यासारखं. ते वाचायला मला दोन चष्मे लावावे लागले.

मी रविवारी प्रार्थनेनंतर चहाच्या वेळी सगळ्यांना सांगून टाकलं की माझी भाची आता रेडिओची मालकीण आहे आणि रेडिओ जोरात चाललाय. त्या फिफिता बाईचं तोंड बघायला हवं होतंस. तिच्या भावाने बेटावर बेकरी काढली होती ना, ती बसली. त्यामुळे आता आपला रेडिओ बसता कामा नये, एवढं लक्षात ठेव. मला त्या बाईच्या शेजारी बसून दर रविवारी गायचं असतं.

तालियाई गेला ते वाईट झालं. आवाज मधासारखा होता मेल्याचा. पार उत्तरेकडच्या बेटावरून आला होता, बायको नाही, पोर नाही, सगा नाही, सोयरा नाही, पण अख्ख्या मोतुलेईची प्रेमप्रकरणं तोंडपाठ. त्याच्या जागी कुणाला बसवलंस? पगार वेळेवर देतेस ना? निवेदकाला पगार द्यायची ऐपत नाही असं इकडे कुणाला कळलं, तर मला गायनमंडळ सोडावं लागेल.

सोबत बॅटऱ्या, कोऱ्या कॅसेटी आणि तुझ्यासाठी फुलाफुलांचा झगा पाठवतेय. झगा घालून चर्चला जा. सत्ताविशी उलटली तुझी. रेडिओतून तुझं तोंड दिसत नाही.

आत्या

•

मोतुलेई,
२० मार्च १९९७

प्रिय आत्या,

झगा मिळाला. घालून चर्चला गेले. सगळ्या काकूंनी कापडाची चौकशी केली, माझी कुणी केली नाही.

रेडिओ ठीक चालू आहे. सकाळी हवामान, बोटीची वेळ, निरोप. दुपारी शाळेची गाणी. संध्याकाळी सांजगाणी. सगळं वेळच्या वेळी.

आता खरं लिहिते, कारण खोटं लिहिताना माझं अक्षर आणखी बिघडतं. सांजगाण्यांच्या चिठ्ठ्या कमी झाल्यात. तालियाईच्या वेळी दाराशी ठेवलेली बिस्किटांची डबी रोज भरून वाहायची. आता तळाशी दोन-चार कागद, तेही बायकांचे. पुरुषांची एक चिठ्ठी नाही. केनिसी परवा येऊन म्हणाला, “लोसालिने, पूर्वी कावाच्या बैठकीतून उठून लोक माझ्याकडे बिस्किटं न्यायला यायचे, कारण रेडिओवर माझं नाव ऐकायचे. आता येतात, पण माझं नाव ऐकल्याचं कुणी बोलत नाही.” या महिन्यात त्याने पैशांऐवजी डबाबंद मांस दिलं. सल्लागाराला फीबद्दल डबे देता येतील का, मी विचार करतेय.

सगळ्यात मनाला लागलं ते मालाकाईचं. माझा सख्खा भाऊ! तो रिवाजाप्रमाणे शेजारच्या खोपटात झोपतो, पण जेवायला आमच्याकडेच. परवा मी सांजगाण्यांची तयारी सकाळी कॅसेटवर करून ठेवली होती, म्हणून त्या वेळी घरी होते. काकूने रेडिओ लावला. गाणं सुरू झालं आणि मालाकाई लू अर्धं टाकून उठला. अळूसारख्या तारोच्या पानात बांधलेलं, नारळाच्या दुधातलं, त्याच्या आवडीचं मटण! तो ते टाकून गेला, आत्या. चुलतभाऊ फिलिमोने दारात उभा होता, तोही तसाच पाठ फिरवून चालता झाला.

नव्या निवेदकाचा आवाज इतका वाईट आहे का?

लोसालिने

•

ऑकलंड,
९ एप्रिल १९९७

लोसालिने,

मालाकाई जेवण टाकून उठला? मग दुखणं मोठं आहे. तो पोरगा वादळातसुद्धा ताट सोडायचा नाही.

मी इथे बसून सगळं ओळखलंय. हे केनिसीचे धंदे. लोकांना रेडिओ आवडत नाही असं पसरवायचं आणि कमी पैशात जाहिरात करून घ्यायची. त्याच्या बापानेही माझ्या लग्नात पिठाची गोणी ओली करून वजनाला घातली होती. त्याच्यावर नजर ठेव.

दुसरं, तुझा नवा निवेदक. कुठून आणलास ते तू अजून लिहिलं नाहीस. इंग्रजी गाणी लावत असेल. त्याला म्हणावं, हळू बोल, उसासे टाक, प्रेमाची चिठ्ठी बोटीच्या वेळापत्रकासारखी वाचू नकोस.

तिसरं, आणि हे नीट ऐक. तो गोरा येईल तेव्हा त्याला एकटं सोडू नकोस. त्याला आपली भाषा येणार नाही. दुभाषी म्हणून तू स्वतः त्याच्याबरोबर फीर. घरोघरी, धक्क्यावर, कावाच्या बैठकीत. आपली मुलगी समोर उभी आहे म्हटल्यावर कुणाची हिंमत आहे नाही म्हणायची? अर्ध्या बेटावरचे पुरुष तुझे भाऊ लागतात, उरलेल्या अर्ध्याची मी आत्या लागते. हे मी सांगते म्हणून कर.

आत्या

•

मोतुलेई,
६ मे १९९७

प्रिय आत्या,

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. वाटोळं झालं.

गोऱ्याचं नाव डंकन. उंच, उन्हाने भाजलेला, स्वभावाने चांगला. सगळ्यांशी हात मिळवत होता, अगदी कोंबड्यांशीही मिळवला असता. मी झगा घालून दुभाषी म्हणून त्याच्याबरोबर.

आधी धक्क्यावर गेलो. जाळी विणत बसले होते फिलिमोने आणि त्याचे दोघे भाऊ. डंकनने विचारलं, मी भाषांतर केलं, “तुम्ही संध्याकाळी सांजगाणी ऐकता का?”

फिलिमोनेने समुद्राकडे बघितलं. “नाही.”

“कधीच नाही?”

“रेडिओ कसा असतो तेच विसरलो,” दुसरा म्हणाला.

तिसरा तर उठून पाण्यातच उतरला. कपड्यांसकट!

मग माडाखाली नारळ सोलणारे एक लांबचे चुलतभाऊ, त्यांनी ऐकतो म्हटलं, पण मग माझ्याकडे बघून, “म्हणजे बायको ऐकते.” मग कावाचं घर. आम्ही आत शिरलो तेव्हा बाकावर रेडिओ ठेवलेला, त्याला हात लावला तर गरम. वीसएक पुरुष. डंकनने विचारलं. मी विचारलं. एकजात सगळे चटईचे धागे मोजायला लागले. आणि मालाकाई, आत्या! माझ्या पाठीला पाठ लावून आलेला माझा भाऊ! तो म्हणाला, “आमच्या घरचा रेडिओ बिघडलाय.” त्यात सकाळीच मी नवी बॅटरी घातली होती. तुम्ही पाठवलेली.

डंकन वहीत लिहीत गेला. जाताना माझा हात हातात धरून म्हणाला, “मला फार वाईट वाटतं. तुम्ही खूप मेहनत घेता.” त्याने दया दाखवली त्याचंच जास्त रडू आलं.

कचेरीचं पत्रही आलं. बेटावर श्रोते नाहीत, परवाना पुढे चालू ठेवण्याजोगं कारण दिसत नाही. आपल्याला काही म्हणायचं असेल तर जूनच्या बोटीने डंकन एकदा परत येईल. तेवढंच. त्यानंतर राजधानीचं केंद्र.

आता लपवण्यात अर्थ नाही. नवा निवेदक असा कुणी नाहीच. तालियाई गेला तेव्हा दुसऱ्याला पगार द्यायला पैसे नव्हते. तुम्ही तिकडे सगळ्यांना रेडिओ जोरात चाललाय सांगितलंत, म्हणून मी कळवलं नाही. सांजगाणी मीच सादर करते. फेब्रुवारीपासून. चिठ्ठ्या मीच वाचते. तुम्ही सांगितलंत म्हणून एप्रिलमध्ये उसासेसुद्धा टाकले.

मला ते काम मनापासून आवडतं, आत्या. खोलीत एकटीच असते, समोर माइक, आणि वाटतं सगळं बेट माझ्याशी बोलतंय. आता कळलं की कुणीच ऐकत नव्हतं. माझ्या आवाजात असं काय आहे की माझ्याच माणसांना तो नकोसा व्हावा? तुम्ही तरी खरं सांगा. दुसरं कुणी सांगत नाही.

लोसालिने

•

ऑकलंड,
२२ मे १९९७

अगं वेडे, अगं ठार वेडे,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या बाईने भिंत ठोकली. मग थोडी रडलेही, तुझ्या शेवटच्या चार ओळींनी. मग पुन्हा हसले. आता लिहिते.

तू! तू प्रेमाच्या चिठ्ठ्या वाचतेस! उसासे टाकून!

मला सांग, कावाच्या बैठकीत वाढायला मुलगी बसते तेव्हा सगळ्यात आधी काय बघतात? ती इथल्या कुणाची बहीण नाही ना, हे बघतात. कारण तिथे थट्टा चालते, प्रेमाच्या गोष्टी चालतात, आणि त्या बहिणीच्या कानावर पडता कामा नयेत. बहीण निघालीच, तर एक ती उठते नाहीतर तो उठतो. तू लहान असताना घरात सिनेमा लागला आणि नट-नटी जवळ आले की तुझे काका खोकत बाहेर जायचे, आठवतं? कारण मी तिथे बसलेली असायची. आणि चुलत काय, मावस काय, आपल्यात सगळे भाऊ ते भाऊच. तुझ्या आजोबांना धरून अकरा भावंडं. मोतुलेईवर तुझा भाऊ नाही असा पुरुष शोधायला गेलीस तर फक्त पाद्री सापडेल.

आणि तू काय केलंस? रोज संध्याकाळी एकाच वेळी सगळ्या कावाच्या बैठकांत जाऊन बसलीस, आणि म्हणालीस, “विहिरीपाशी भेटलेल्या तुला, तुझ्यावाचून झुरणाऱ्या माझ्याकडून.” बिचारे करतील काय? रेडिओ बंद करणार, नाहीतर मटण टाकून उठणार. मालाकाईने लू टाकलं, यावरून त्याच्या मनात तुझ्याबद्दल किती आदर आहे ते समज. मला वाटतं त्याने आयुष्यात एवढा मोठा त्याग कधी केला नसेल.

आणि तुला सांगणार कोण? तुला ते सांगायचं म्हणजेच तुझ्यासमोर प्रेमाच्या गाण्यांची गोष्ट काढायची. त्यापेक्षा ते कपड्यांसकट समुद्रात उतरतील. उतरलेच की! बायका बोलल्या नाहीत, कारण त्यांना वाटलं असेल तू राजधानीत शिकून आलीस, तुला चालत असेल.

तुझा आवाज चांगला आहे. तुझ्या आईचा आहे. वाईट असता तर त्यांनी खुशाल रेडिओ लावून तुझी टर उडवली असती.

गोऱ्याला बरोबर घेऊन फीर हा सल्ला कुणी दिला होता ते कुणाला सांगू नकोस. फिफिता बाईला तर मुळीच नको.

आता कर काय? माइकसमोर अशी बाई बसव जी मोतुलेईवर कुणाचीच बहीण नाही. तालियाईचं का जमलं? तो परका होता म्हणून. तशीच बाई हुडक. आणि तो डंकन आला की त्याला कुणाला काही विचारू देऊ नका. विचारलं की आपली माणसं खोटं बोलणार. त्याला कावा पाजा, बाकावर बसवा, आणि त्याच्या समोर रेडिओ लावा. तू त्या संध्याकाळी तिथून लांब राहा. पार लांब.

आत्या

•

मोतुलेई,
११ जून १९९७

प्रिय आत्या,

पत्र वाचून मी आधी लाजेने लाल झाले, मग रात्रभर... नाही, रात्रभर झोपले, खूप दिवसांनी छान झोप लागली. मला वाटायचं नुसत्या आवाजाचं काय, मी काही त्या घरात नसते. पण मी घरातच असायची की. प्रत्येक घरात.

मग शोध सुरू झाला. कुणाचीच बहीण नसलेली बाई! ऐकायला सोपं वाटतं. हवालदाराची बायको परक्या बेटावरची, म्हणून आनंदाने गेले, तर तिची आजी आपल्या आजोबांची मावसबहीण निघाली. दवाखान्यातली नर्स म्हणाली, “मी तर तिकडची”, आणि पाठोपाठ, “पण तुझ्या फिलिमोनेच्या आईने मला दत्तक घेतलंय.” केनिसीने स्वतःची बायको पुढे केली. त्या बाईला बोलताना कुणी थांबवू शकत नाही. बोटीची वेळ सांगायची राहून जाईल.

तुम्हीच लिहिलं होतंत, माझा भाऊ नाही असा पुरुष म्हणजे फक्त पाद्री. ते वाक्य पुन्हा वाचलं आणि उडालेच. पाद्री नेहमी परका! चर्च मुद्दाम लांबून पाठवतं. मग पाद्र्याची बायकोही परकीच ना?

एसिताबाईंकडे गेले. त्या चटईसाठी वाळवलेल्या पानांच्या घड्या करून टोपलीत ठेवत होत्या. सांगितलं सगळं. त्यांनी टोपली बाजूला सारली आणि म्हणाल्या, “तालियाई चिठ्ठ्या फार घाईने वाचायचा. मी असते तर थांबत थांबत वाचल्या असत्या.” आत्या, त्या इतकी वर्षं मनातल्या मनात तयारी करत होत्या!

अडचण पाद्रीसाहेबांची. ते आतून चष्मा कपाळावर चढवून आले.

“प्रेमाची गाणी?” ते म्हणाले. “माझ्या घरातल्या बाईने? शनिवारी ही गाणी वाजवायची आणि रविवारी मी पापाविषयी बोलायचं?”

“पापाचं काय त्यात?” एसिताबाई म्हणाल्या. “तुम्ही धर्मविद्यालयात शिकत होतात तेव्हा राजधानीच्या रेडिओवरून मला गाणं कुणी पाठवलं होतं?”

“ते भजन होतं.”

“भजन नव्हतं हो. लोसालिनेला गाऊन दाखवू?”

पाद्रीसाहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, मग परत कपाळावर नेला. “कार्यक्रमाच्या शेवटी एक प्रार्थना होईल,” ते म्हणाले. “आणि रविवारी काही नाही.”

“रविवारी कधीच नव्हतं,” मी म्हटलं. रविवारी तर बेटावर कोंबडाही दबकून आरवतो.

परवापासून एसिताबाई सुरू झाल्या. पहिल्या दिवशी मी दार लावून बाहेरच्या दगडावर बसले. त्या थांबत थांबत वाचतात. फार छान वाचतात. माझ्यापेक्षा छान, हे लिहायला जड जातंय पण लिहिते. दुसऱ्या दिवशी बिस्किटांच्या डबीचं झाकण लागेना. वरच्याच चिठ्ठीवरचं अक्षर मी ओळखलं, मालाकाईचं. मी ती न वाचता उलटी करून एसिताबाईंच्या पुढे ठेवली. म्हणजे माझ्या भावाला कुणीतरी आवडते! कोण ते मला कळू द्यायचं नाही, आणि मी विचारायचंही नाही. जीव नुसता वर-खाली होतोय.

डंकन पुढच्या बोटीने येतोय. मी त्या संध्याकाळी बायकांबरोबर खडकांवर शिंपल्या वेचायला जाणार. पार लांब. तुमच्या सांगण्याप्रमाणे.

लोसालिने

•

ऑकलंड,
२ जुलै १९९७

लोसालिने,

पत्र नाही, निरोप नाही. मला न राहवून मी फोन केला. कालिसी म्हणाली, “लोसालिने कामात आहे, पण मला सगळं ठाऊक आहे, सांगू का?” आणि पाद्र्याच्या घरचं भजन मला अख्खं गाऊन दाखवलं. ते तिला कुठून कळलं? मग लाइन तुटली. गोऱ्याचं काय झालं त्याचा पत्ता नाही. माझे पैसे मात्र गेले.

इथे गायनमंडळाने तुझ्यासाठी प्रार्थना केली. फिफिता बाईनेही केली, ती मोठ्याने केली. त्यामुळे मला तिच्यासाठी एक नवी चटई विणावी लागणार आहे.

लगेच लिही. सुरुवातीला देवाचे आभार नकोत. सरळ मुद्द्यावर ये.

आत्या

•

मोतुलेई,
१९ जुलै १९९७

प्रिय आत्या,

मिळाला. पुढच्या पाच वर्षांचा. परवाना बाबांच्या नावावर आहे. त्यांनी तो इस्पितळात सगळ्या खाटांवर फिरवला म्हणे.

आता सविस्तर. मी खडकांवर होते, त्यामुळे पुढचं सगळं केनिसीच्या बायकोच्या तोंडून, केनिसीने तिला सांगितलेलं. डंकनला त्यांनी कावाच्या घरात मानाच्या जागी बसवलं. त्याने वही काढली, तर फिलिमोनेने तिच्यावर नारळाची करवंटी ठेवली आणि ती कावाने भरली. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. वेळ झाली आणि मालाकाईने रेडिओ मोठा केला.

एसिताबाईंनी पहिली चिठ्ठी वाचली तसा आत एकच गलका उठला. कोण पाठवणारा, कुणासाठी, यावर पैजा. एक म्हातारा म्हणे गुडघ्यावर थापा मारून गात होता, त्याच्या मागोमाग सगळे. गाणी संपली तेव्हा डंकनची करवंटी कितव्यांदा तरी भरली होती आणि वहीचं पान कोरं. त्याने केनिसीला विचारलं, “मागच्या वेळी सगळ्यांनी नाही म्हणून का सांगितलं?”

केनिसी म्हणाला, “कारण तुम्ही त्यांच्या बहिणीला बरोबर आणलं होतं.”

“कुणाची बहीण?”

“सगळ्यांची,” केनिसी म्हणाला.

मग डंकनने एक चिठ्ठी लिहून डबीत टाकायला दिली. त्याच्या बायकोसाठी, ब्रिस्बेनला. तिथे आपला रेडिओ पोचत नाही हे त्याला कुणी सांगितलं नाही. एसिताबाईंनी दुसऱ्या दिवशी ती थांबत थांबत वाचली, आणि बायकांनी डोळे पुसले.

केनिसी आता पैसे देतो. डबे दिले तरी मी घेते. पाद्रीसाहेबांची प्रार्थना दिवसेंदिवस लांबत चाललीय, कारण त्यांना कळलंय की लोक ती ऐकतात. चर्चने त्यांची बदली केली तर काय, असं एसिताबाईंनी विचारलं. मी म्हटलं, नवे येतील ते बायको घेऊनच येतील आणि तीही परकीच असेल. त्या जरा रुसल्या.

मी सकाळचं करते. हवामान, बोट, हरवलेली डुकरं. सगळे भाऊ घराघरांत रेडिओ मोठा करून ऐकतात. फिलिमोने तर धक्क्यावरून ओरडून सांगतो, “लोसालिने, आज वारा चुकीचा सांगितलास!” मला बरं वाटतं. तरी संध्याकाळ झाली की मला ती खुर्ची आठवते, आत्या. फार आठवते. तुम्हाला नाही सांगणार तर कुणाला सांगू?

एसिताबाईंना खोलीत बसवून मी घरी निघते, तेव्हा वाटेवर कावाचं घर लागतं. पहिल्यांदा मी जवळ आले तसा आतला रेडिओ गपकन बंद झाला. सगळे दारातून म्हणाले, “शुभ संध्याकाळ, लोसालिने.” मी म्हटलं, “शुभ संध्याकाळ.” मी पुढे गेल्यावर रेडिओ पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज माझ्यापायी त्यांचं एक गाणं मधेच तुटायचं, आणि कुणाची तरी चिठ्ठी.

म्हणून मी आता समुद्राच्या कडेने जाते. ती वाट लांबची आहे, केवड्याच्या काट्यांनी भरलेली, तिथून कुणी जात नाही. पायाला ओरखडे यायचे. कुणाला काही बोलले नाही.

काल त्या वाटेने निघाले तर काटे कापलेले. सगळी वाट स्वच्छ, पडलेल्या झावळ्या बाजूला लावलेल्या, ओढ्यावर ओंडका टाकलेला. घरी आले तेव्हा मालाकाई जेवत होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले.

मी त्याला लू वाढलं. त्याने काही सांगितलं नाही, मीही काही विचारलं नाही.

तुमची,
लोसालिने